थोरली जिवंत हवी

शेडमध्ये आता एकच डुकरीण उरली होती, आणि तिला मारायला सरकारी माणसं येईपर्यंत तिनं जिवंत राहायला हवं होतं.

नियमच तसा होता. साथीच्या तापानं आपणहून मेलेल्या जनावराची भरपाई नाही. सरकारी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मारलं, तरच. बाकीची सगळी डॉक्टरांची वाट न बघताच खड्ड्यात गेली होती. ही पैदाशीची मोठी मादी. हिची भरपाई आली तर साथ ओसरल्यावर शेड धुऊन, चुना मारून पुन्हा पिल्लं आणता येणार होती. नाहीतर सुनेचा नवरा भावाच्या गॅरेजवर कामाला आणि शेडला कुलूप.

तिचं नाव थोरली. सून लग्न होऊन आली तेव्हा ही घरात आधीच हजर होती. नणंदेनं चिडवलं होतं, "वहिनी, ही तुझी थोरली जाऊ हं. मान ठेव."

आता सून तिच्याशेजारी फरशीवर फतकल मारून तिचं पोट चोळत होती. पोट वर गेलं की सुनेचाही श्वास आत जाई. मग ते खाली येई आणि तिथंच थांबे.

"थोरले, नखरे पुरे. घे बघू."

थोरली श्वास घेई. उपकार केल्यासारखा.

फाटकाशी गाडी थांबली. "आले!" नवरा बाहेरून ओरडला.

पण आत कोणीच येईना. नुसते आवाज येत राहिले, त्यात सासूबाईंचा सगळ्यात वर. शेवटी नवरा दारात आला. चेहरा उतरलेला.

"आई चहा देतेय."

"चहा?"

"त्यांनी ते पांढरे सूट घातले होते गं. आई ट्रे घेऊन आडवीच झाली. चहासाठी मास्क, हातमोजे, सगळं उतरवलं. आता पुन्हा नवीन चढवायचं."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"परक्या माणसांसमोर आईला काय बोलू?"

सासूबाईंच्या दारातून आजवर कोणी कोरडं गेलं नव्हतं. मीटर बघणारा नाही, भांडायला आलेला शेजारी नाही. जीव घ्यायला आलेल्यांना तरी सूट का मिळावी?

थोरलीचं पोट खाली गेलं. थांबलं. थांबूनच राहिलं. सुनेनं पाठीवर एक जोरात थापटी मारली, तेव्हा कुठं बारीकसा श्वास आला.

"चोळा तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली आणि तशीच अनवाणी धावली.

अंगणात डॉक्टर कप घेऊन उभे होते. सासूबाई विचारत होत्या, "साखर बरोबर आहे ना?"

सुनेनं डॉक्टरांच्या हातातला कप ओढून घेतला. निम्मा चहा त्यांच्या शर्टावर सांडला.

"आधी तिला मारा! मग हवा तेवढा चहा प्या!"

आपण काय बोललो ते सुनेला बोलून झाल्यावर ऐकू आलं. डॉक्टरांनी शर्ट पुसलाही नाही, नवा सूट ओढायला लागले. चेन मध्येच अडकली. सासूबाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला, खाली बसल्या आणि डॉक्टरांचा बूट दोन्ही हातांनी उघडून धरला. "घाला पाय. घाला, घाला."

शेडमध्ये सून पुन्हा आपल्या जागेवर बसली. डॉक्टरांनी थोरलीच्या छातीला नळी लावली. सरकवली. पुन्हा सरकवली. नवरा पत्र्याकडे बघत होता.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

मदतनिसानं कानातला बिल्ला वाचला, फोटो काढला. "झाली नोंद." नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

डॉक्टरांनी सिरिंज भरली. "ताई, हात काढा आता."

"काढते," सून म्हणाली. पोट खाली येऊन थांबलं. सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "घे बघू." थोरलीनं घेतला.

"ताई."

"हो, काढते ना."

मागून सासूबाई आल्या. त्यांनी सुनेचं मनगट धरलं, हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवून घट्ट दाबून धरला.