पोटाला बांधलेले भोपळे

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती आणि आशाचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, तेव्हा तिची आई सुभद्राबाई रोज सकाळी बाजेवर पालथी पडून हातपाय मारायला लागली. राज्याचा त्या बाजेशी काही संबंध नव्हता. लग्नाचा होता.

आई सोयरीक पक्की करायला पिंपळगाव राजाला गेली होती. घर पाहिलं, गोठा पाहिला, ज्वारीचं पेव पाहिलं, सगळं मनाजोगं होतं. मग परसातली विहीर पाहिली आणि तिचा जेवणातला घास तोंडातच फिरत राहिला. विहिरीला कठडा नव्हता. मुलीकडच्यांनी सोयऱ्यांना ‘कठडा बांधा’ म्हणून सांगायचं तरी कोणत्या तोंडानं! घरी, धामणगाव बढ्याला परत येताच तिनं आशाला समोर बसवलं.

“आशे, तुले पोहता आलं पाह्यजे.”

“मले पान्याचं भेव लागते, माय.”

“मलेबी लागते.”

“मंग तू आधी उतर. तू उतरली का मी उतरीन.”

आशा हे सुटका करून घ्यायला बोलली होती. आई कसली उतरते! रस्त्यात नाला आडवा आला की गाडीतसुद्धा डोळे गच्च मिटून बसणारी बाई ती. लहानपणी तिची एक मैत्रीण विहिरीत बुडून गेली होती. तिचं नाव आई कधी घेत नसे.

आईनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, “हाव. ठरलं.”

आशाचे वडील शेषराव पोहण्यात पटाईत. त्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांना चहाचा ठसकाच लागला. पण बायकोचं तोंड पाहून ते हसले नाहीत. “पानी मंग पाहू,” ते म्हणाले. “आधी बाजेवर हातपाय शिक. बेडूक कसा करते? तसं.”

त्या दिवसापासून चूल पेटायच्या आधी अंगणात बाज करकरायला लागली. आई कासोटा घट्ट मारून पालथी पडायची, हनुवटी वर करायची आणि बेडकासारखे पाय झाडायची. एक दिवस चुकवायची नाही. सर्दी झाली, पाहुणे आले, एकदा बाजेची दोरी तुटून ती खाली आपटली. दुसऱ्या दिवशी दोरी ओढून पुन्हा सुरू.

शेजारचे उकंडराव एकदा भिंतीवरून डोकावले. “काय वयनी, बाजेतले ढेकूण मारून राह्यल्या का?”

आईनं मान न वळवता हात मारला. “हाव भाऊजी. तुमच्याच घरून आले ते.”

पलीकडची तानुबाई तर अंगारा घेऊन आली. तिला खात्रीच होती की सुभद्रेच्या अंगात आलं आहे. आईनं अंगारा कपाळाला लावून घेतला आणि पुन्हा पाय झाडायला लागली.

आशा वाकळीत पडून हे सगळं पाहायची. तोंडात वाकळीचं टोक कोंबून हसायची. आणि वाकळीखाली तिचेही पाय आईच्या तालावर हलायचे. ते मात्र तिनं कुणाला कळू दिलं नाही.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. शेषरावांनी वाळलेले मोठे भोपळे आणून ठेवले होते. दोन-दोन भोपळे दोरीनं जोडायचे, अंगाला बांधायचे आणि पाण्यात उतरायचं. तिकडची पोरं अशीच शिकत. पण ऐन वेळी शेषराव बैल पाहायला चिखलीला गेले. आईला धीर कुठला? “आज उतरली नाही तं कधीच नाही उतरत मी,” ती म्हणाली आणि भोपळे घेऊन मळ्यातल्या विहिरीकडं निघाली. मागून आशा, तिच्यामागून तानुबाई आणि गल्लीतल्या साताठ बाया. तमाशाला जावं तशा.

विहिरीला पायऱ्या होत्या. आई शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबली आणि तिनं भोपळे पोटाला बांधले.

“माय, पाठीले बांधतात ना वं?” आशा म्हणाली.

“काऊन? बाजेवर पोटालेच टेका होता नं? मंग पान्यातबी पोटालेच टेका पाह्यजे.”

बिनतोड होतं. तानुबाईनंही मान डोलावली. आईनं ग्रामदेवतेला हाक मारली, कुलदेवतेला मारली, उरल्यासुरल्या सगळ्या देवांना एकदम मारली आणि स्वतःला पाण्यात सोडून दिलं.

भोपळ्यांनी क्षणभर विचार केला. मग ते पोटासकट वर आले आणि आई गर्रकन उताणी झाली. पोटावर दोन भोपळे, वर दोन पाय, नाकातोंडात पाणी. काठावरच्या बाया थिजल्या.

तेवढ्यात खालून आवाज आला.

“अवं बाई! आभाळ गोल हाये वं! भाकरीयेवढं!”

आई हसत होती. बुडत नव्हती, भीतही नव्हती, नुसती हसत होती, आणि ती हसली की भोपळे हलायचे, भोपळे हलले की ती गोल फिरायची, फिरली की आणखी हसायची. काठावरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. तानुबाई तर हसता हसता खालीच बसली.

फिरत फिरत आई मधोमध गेली. “आशे,” ती ओरडली, “मले वळता येत नाही. ये अन् मले ओढ.”

“थांब सुभद्रे, दोर टाकते!” तानुबाई उठली.

“दोर नको. पोरगी पाठवा.”

“माय, तू मुद्दाम करून राह्यली!”

“मुद्दाम कोनी असं उताणं पडते का? ये वं लवकर, पाठ गार पडली माही.”

आशा पायऱ्या उतरली. उरलेले भोपळे तिनं पाठीला बांधले. गाठ दोनदा सुटली आणि हसूही आवरत नव्हतं. भीती आणि हसू एकाच वेळी पोटात मावेनात. घोट्याला पाणी लागलं. गुडघ्याला लागलं. “एवढी मोठी माय तरंगते,” तिनं मनाशी म्हटलं, “मी काऊन बुडीन?” आणि तिनं पायरी सोडली.

हात आपोआप पुढं गेले. पाय आपोआप झाडले गेले. वाकळीतले पाय ते. पाणी डोळ्यांत गेलं, पण आई जवळ येत चालली. शेवटी हाताला आईच्या पायाचा अंगठा लागला. आशानं तो घट्ट धरला आणि आईला अंगठ्यानं ओढत पायऱ्यांकडं आणलं. वरच्या बायांनी असा गलका केला की शेजारच्या मळ्यातले लोक धावत आले आणि बायाच बाया पाहून तसेच माघारी पळाले.

संध्याकाळी शेषराव आले, सगळं ऐकलं. “पोटाले कोन बांधते भोपळे!” ते कपाळावर हात मारत राहिले, मग बाजेवर आडवे पडून डोळ्यांत पाणी येईतो हसले.

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी रोजच विहिरीवर जायला लागल्या. आठवडा गेला नसेल, आई भोपळे पाठीला बांधून इकडून तिकडं जाऊ लागली. हवी तिथं वळायची, हवी तशी उताणी व्हायची, पुन्हा पालथी. हे वळणं आशानं नीट पाहून ठेवलं.

“माय,” तिनं पाण्यातूनच विचारलं, “त्या दिवशी तुले खरंच वळता येत नव्हतं का?”

पुढंही तिला हे पुष्कळदा विचारावंसं वाटलं. पिंपळगावहून माहेरी आली की विचारू, दिवाळीला विचारू, निवांत विचारू. ते राहूनच गेलं.

त्या सकाळी मात्र आईनं उत्तराऐवजी ओंजळभर पाणी तिच्या तोंडावर फेकलं आणि ती पलीकडच्या काठाकडं सरळ निघाली. “थांब वं! सांगून जा!” आशा ओरडली, पाणी गिळलं, खोकली, आणि हसत हसत तिच्यामागं हात मारत सुटली.