ऑरगॅनिक, दुसऱ्यांदा

इलोना प्रुझिन्स्कीने पुन्हा डॉक्टरकीच्या वाटेला लागायचं ठरवलं, तेव्हा कॉलेजच्या सल्लागार मिसेस टिबेट्स यांनी तिला उगाच गोड स्वप्नं दाखवली नाहीत.

"तुझी पदवी इतिहासाची. म्हणजे मेडिकलला लागणारे विषय आता संध्याकाळच्या वर्गात करायचे. आधी ऑरगॅनिक केमिस्ट्री, मग फिजिक्स, मग बायोकेमिस्ट्री. त्यानंतर प्रवेश परीक्षा."

"ऑरगॅनिकमध्ये मी पूर्वी नापास झालेय. ते पुसलं जाईल ना?"

"नाही गं. नवे गुण त्याच्या शेजारी बसतील, एवढंच."

ते नापास होणं इलोना कधीच विसरली नव्हती. त्या हिवाळ्यात तिचे वडील गेले. एरी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फात गाडी घसरली होती. परीक्षा त्याच आठवड्यात होती. पुन्हा घ्या, म्हणून ती प्रोफेसर ऑस्गुड यांच्याकडे विनवायला गेली होती. "दुःख सगळ्यांनाच असतं," ते म्हणाले होते. "उद्या पेशंट थांबणार आहेत का तुझ्यासाठी? दुसरं काहीतरी बघ." तिने दुसरं काहीतरी बघितलं.

आता ती एका वृद्धाश्रमात मदतनीस होती. शरद सुरू होता होता तिच्या मजल्यावर एक नवा म्हातारा आला. त्याच्या शर्टाची बटणं लावताना तिने चेहरा ओळखला. त्याने मात्र तिला ओळखलं नाही. ऑस्गुड सरांना स्वतःच्या मुलीचंही नाव आठवत नव्हतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्याजवळ ऑरगॅनिकचं पुस्तक उघडून बसली होती. सरांनी सूप बाजूला सारलं आणि पानावरच्या अभिक्रियेतल्या एका बाणावर बोट ठेवलं.

"हा बाण कुठून निघाला?"

"हायड्रोजनकडून?"

"छट्! बाण इलेक्ट्रॉनकडून निघतो. ते आहेत तिथूनच निघणार ना? नसलेल्या ठिकाणाहून कसा निघेल?"

मग शिकवणं रोजचं झालं. दुपारी तास-अर्धा तास त्यांचं डोकं लख्ख असायचं. संध्याकाळच्या वर्गातला तरुण मास्तर जे घाईत उरकायचा, ते सर सावकाश उलगडायचे. इलोनाला समजत होतं आणि त्याचाच राग येत होता. हा माणूस असं शिकवू शकत होता, तर तेव्हा आपल्यासाठी एक दुपार का नव्हती याच्याकडे?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिला राहवलं नाही.

"सर, मी हा विषय आधी केला होता. ऐन परीक्षेत माझे बाबा गेले. मी नापास झाले."

ऑस्गुडांचा चेहरा हळवा झाला. "अरेरे. मग तुझ्या सरांनी परीक्षा पुन्हा घेतली असेल."

"नाही."

"नाही? बाप गेला पोरीचा, आणि नाही? कोण होता तो गाढव?"

तिने बोलायला नको होतं. पण इतकी वर्षं तोंडाशी अडकलेलं उत्तर बाहेर आलंच. "तुम्ही."

"मी? मी असं केलं?" म्हातारा पुन्हा पुन्हा विचारू लागला, रडू लागला. इलोना त्याचा हात धरून "राहू द्या सर, झालं गेलं" म्हणत राहिली. तो हात सोडवून घेत होता.

रात्रीपर्यंत तो ते बोलणं विसरून गेला. मनात बसलेली तिची भीती मात्र विसरला नाही. दुसऱ्या दिवशी ती चमचा घेऊन आली तशी त्याने तोंड घट्ट मिटलं आणि भिंतीकडे वळला. तिसऱ्या दिवशीही तेच. मुख्य परिचारिका डार्लीन हिने इलोनाला बाजूला घेतलं.

"काय केलंस गं त्यांना?"

"खरं सांगितलं."

"कुणाच्या भल्यासाठी?"

इलोनाची बदली खालच्या मजल्यावर झाली. उरलेला अभ्यास तिने एकटीनेच केला. एप्रिलमध्ये, जवळच्या तलावावरचं बर्फ फुटत असताना, ऑस्गुड न्यूमोनियाने गेले. त्यांच्या मुलीने कर्मचाऱ्यांसाठी केक पाठवला. "माझ्या वडिलांना शेवटी इथे कुणीतरी पुस्तक वाचून दाखवत होतं म्हणे," ती डार्लीनला म्हणाली. "त्या मुलीला माझे आभार सांगा." डार्लीनने निरोप पोचवला. इलोनाने आपल्या वाट्याचा केक तसाच ठेवला.

निकाल लागला. ती पास झाली होती, बऱ्या गुणांनी.

"बरे आहेत," मिसेस टिबेट्स म्हणाल्या, "पण मेडिकलवाल्यांना बरे पुरत नाहीत. फिजिक्समध्ये याहून वर जावं लागेल, आणि तरीही मी खात्री देणार नाही. इथेच थांबलीस तरी कुणी तुला नावं ठेवणार नाही."

इलोनाने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पार्किंगच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचा ढीग अजून वितळायचा होता.

"फिजिक्सचा वर्ग कुठल्या वारी असतो?" तिने विचारलं.