बाईंचं कोरं रक्त

पियात्रा लुंगा या तालुक्याच्या गावाहून आलेलं खोकं उघडलं आणि डॉ. आस्पाझिया चोबोतारु बाईंना हसूच फुटलं. जंतूंच्या चार नळ्या तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेल्या, आणि शेजारी आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी.

"झांफिरा, हे बघ. इन्स्टिट्यूटला आहेर आलाय."

"प्रेमाने पाठवतात हो बाई. शहरात रिकाम्या हाताने कसं यायचं, असं वाटतं त्यांना," झांफिरा म्हणाली. तिने बरणी उचलून खिडकीत ठेवली. पंचवीस वर्षं ती बाईंच्या प्रयोगशाळेत काम करत होती आणि बाईंना उलटून बोलण्याची हिंमत त्या मजल्यावर तिच्या एकटीतच होती.

बाईंना जगात दोनच गोष्टींबद्दल आदर होता. एक स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू आणि दुसऱ्या त्या स्वतः. राजवट बदलली, त्यांच्या याश शहरातले रस्ते नवी नावं घेऊन बसले, इन्स्टिट्यूटच्या दारावरची पाटी बदलली, पण बाई काही बदलल्या नाहीत. तालुक्याचे डॉक्टर म्हणजे त्यांच्या लेखी पांढरा कोट घातलेले न्हावी.

पत्र डॉ. सेवेर पिंझारु नावाच्या माणसाचं होतं. त्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात नऊ दिवसांत चौघींना ताप आला होता. चौघींकडून एकच जंतू मिळाला, तोही बाईंचाच स्ट्रेप्टोकॉकस. त्याचं म्हणणं, जंतू घातक आहे, वॉर्ड बंद करून धुवायला हवा, दाया-डॉक्टरांचे घसे तपासायला हवेत. पण इस्पितळाचे संचालक इन्स्टिट्यूटच्या कागदाशिवाय कुलूप लावू देत नाहीत. तेवढा एक कागद कृपा करून द्यावा.

"कृपा करून! म्हणजे निकाल आधी ह्याने लावायचा आणि सही मी ठोकायची. काय अक्कल आहे!" बाईंनी पत्र टेबलावर फेकलं. "घे माझं रक्त."

ही त्या प्रयोगशाळेची रीत होती. या जंतूच्या अंगावर बारीक केसांसारखी प्रथिनं असतात. रक्तात शिरला की तो त्या केसांनी माणसाचीच प्रथिनं ओढून घेतो आणि पांघरून बसतो. मालकाचा कोट घालून चोर आला तर घरचं कुत्रं भुंकत नाही, तशा पांढऱ्या पेशी त्याला हुंगून पुढे जातात. त्याच केसांच्या जोरावर तो घशाच्या नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो आणि आत घुसतो. केस झडलेला जंतू मात्र कुचकामी. पांढऱ्या पेशी त्याला बघता बघता गिळतात. म्हणून जंतू माणसाच्या ताज्या रक्तात सोडायचा आणि तीन तास नळी फिरवत ठेवायची. वाढला तर घातक, संपला तर फुसका.

अट एकच. रक्त कोरं हवं. ज्याला पूर्वी त्याच प्रकारचा संसर्ग झालाय, त्याच्या रक्ताला चोराचा चेहरा पाठ असतो. तिथे अस्सल जंतूसुद्धा मरतो. वीस वर्षांपूर्वी बाईंनी सगळ्या मजल्याचं रक्त तपासलं होतं. फ्रीजमध्ये तेव्हा होते ते जंतूचे अकराही प्रकार बाईंच्या रक्तात मजेत वाढले. त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाचं रक्त वापरायचं नाही, असा हुकूम सुटला. पाहुणे आले की बाई मनगट पुढे करून म्हणायच्या, "हे आमचं मोजमाप." या जंतूचे प्रकार शंभराच्या घरात जातात, हे त्या स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत होत्या. पण स्वतःच्या बाबतीत अकरा म्हणजे सगळे, असा हिशोब त्यांनी करून टाकला होता. गर्व माणसाला इतका निर्बुद्ध करतो.

झांफिराने रक्त काढलं. एका नळीत रोजचा, घातक म्हणून माहीत असलेला जंतू, उरलेल्या चारांत पियात्रा लुंगाचे. संध्याकाळी नळ्यांतलं रक्त जंतू वाढवायच्या बशांत ओतलं, सकाळी उगवलेले ठिपके मोजले. रोजचा जंतू बेसुमार वाढला होता. पिंझारुचे चारही जवळजवळ नाहीसे झाले होते.

बाईंना काय आनंद झाला! त्यांनी लगेच फोन लावला.

"डॉक्टर पिंझारु? अहो, तुमचा तो भयंकर जंतू माझ्या पेशींनी नाश्त्याला खाल्ला."

"पण मॅडम, चौघींच्या रक्तात तोच मिळालाय. एकीची तर—"

"तुमच्या प्रयोगशाळेतली घाण असेल. बशा उकळता का नुसत्याच पुसता?"

"मॅडम, मी माझ्या डोळ्यांनी त्या बायका बघतोय."

"तुम्ही डोळ्यांनी बघा, आम्ही मोजून बघतो. कागद आजच्या टपालाने येईल. आणि मुरंबा फार गोड झालाय."

कागदावर त्यांनी लिहिलं: जंतू निरुपद्रवी. वॉर्ड बंद करण्याचं कारण नाही. खाली लांबलचक सही.

बशा धुवायला नेताना झांफिरा म्हणाली, "बाई, बशीत ह्यांचे ठिपके पाणीदार दिसतात. फुसके असे दिसत नाहीत."

"तू आता दिसण्यावरून शास्त्र करणार?"

"मी आपलं दिसलं ते सांगितलं."

पण ते तिच्या डोक्यातून जाईना. पुढच्या सोमवारी बाई विद्यापीठात भाषणाला गेल्या, तशी तिने शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं आणि पियात्रा लुंगाच्या नळ्या पुन्हा लावल्या. मंगळवारी सकाळी बाई आल्या तेव्हा टेबलावर बशा मांडून ठेवलेल्या होत्या.

"हे काय?"

"माझं रक्त, त्यांचे जंतू. मोजा."

बाईंनी मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. मोजण्यासारखं नव्हतंच. बशीभर जंतूंची जत्रा भरली होती.

"तुझी नळी दूषित झाली असेल."

"चारही? झाल्या असतील हो, मी अडाणी." झांफिरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, राग येऊ दे नाहीतर काही होऊ दे. तुमच्या इलिंकाच्या बाळंतपणात तुम्ही अकरा दिवस तापाने फणफणला होतात ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"दूध साकळलं होतं."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर—" बाई थांबल्या. म्हणाला होता तो असाच एक तालुक्याचा डॉक्टर होता. जन्मात त्यांनी त्या जमातीचा एवढा एकच शब्द खरा मानला होता.

त्या उठल्या. रक्त साकळल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, म्हणजे स्वतःच्या रक्ताचा निवळ, त्यांनी जंतू वाढवायच्या रश्शात घातला, त्यात पिंझारुचा जंतू सोडला आणि दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हा जंतू मण्यांसारखा माळेत वाढतो. त्याची ओळख असलेल्या रक्तात त्याच्या माळा तुटत नाहीत, लांबत जातात. साध्या रश्शात पाच-सहा मण्यांच्या माळा होत्या. बाईंच्या निवळात त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या. जंतू अस्सल होता. एकतीस वर्षांपूर्वी तो बाईंच्याही अंगात शिरला होता, आणि रक्ताने त्याला लक्षात ठेवलं होतं. रक्त बिचारं इमानदार. अक्कल बाईंची गेली होती.

"आठ दिवस," झांफिरा म्हणाली. "कागद जाऊन आठ दिवस झाले."

बाईंनी फोन लावला.

"डॉक्टर पिंझारु, चोबोतारु बोलतेय. तुमच्या जंतूबाबत एक तांत्रिक बाब लक्षात आलीय. माझ्या रक्तात त्या विशिष्ट प्रकारची प्रतिद्रव्यं असल्यामुळे—"

"मॅडम." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "मी तालुक्याचा डॉक्टर. मला एवढंच सांगा, वॉर्ड बंद करू की नको?"

"करा. आत्ताच्या आत्ता करा. पहिल्या चौघी कशा आहेत?"

"चौघी वाचल्या. पेनिसिलिनवर सुटल्या."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तो त्याला पलीकडे ऐकू गेला असावा.

"पाचवीचं विचारा," तो म्हणाला. "तिंका. शाळेत शिकवायची. पहिलटकरीण. गावात तापाची बोंब झाली होती, तर ती शहरात जाऊन बाळंत होणार होती. नवऱ्याने गाडीसुद्धा ठरवली होती. पण संचालकांनी तुमचा कागद वॉर्डाच्या दारावर चिकटवला, लोकांनी घाबरू नये म्हणून. तिने तो वाचला. मला म्हणाली, एवढ्या मोठ्या बाईंनी लिहून दिलंय, आता कशाला जायचं लांब? परवा पहाटे गेली. मुलगी आहे, बरी आहे."

बाईंना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मी... मी नवा कागद पाठवते. जंतू घातक आहे. पहिला निकाल चुकीचा होता. चूक माझी होती."

"असंच लिहा," पिंझारु म्हणाला. "याच शब्दांत. मोठ्या अक्षरात. तोही दारावर लावायचाय."