धोतराखालचा टॅग

जजबाईंनी विचारलं होतं एवढंच, "महिना कसा गेला?" पुरुषोत्तमरावांनी हात जोडले आणि नरदेह किती दुर्लभ इथपासून सुरुवात केली, तीही इंग्रजीत. मागच्या बाकावर त्यांच्या बायकोनं, अरुणानं, कपाळाला हात लावला.

बर्मिंगहॅमच्या या कोर्टात दर महिन्याला याच जजबाई. कीर्तनानंतर 'घसा शेकायला' घेतलेल्या व्हिस्कीपायी पुरुषोत्तमरावांनी गाडी बसस्टॉपवर चढवली होती. देवाची कृपा, तिथं कुणी उभं नव्हतं. दारू सोडायचे उपचार घ्यायचे आणि घामातली दारू ओळखणारा टॅग घोट्याला बाळगायचा, या अटीवर तुरुंग टळला होता. अट मोडली की आत.

"शनिवारी कीर्तन आहे, मॅडम. धोतर नेसून अनवाणी उभा राहतो मी. तेवढ्यापुरता टॅग काढा."

"नाही. लोकांना दिसला तर काय होईल?"



परतताना गाडी अर्थातच अरुणा चालवत होती.

"कात्रीनं कापून टाकतो!"

"कापा. मग जेलमध्ये कीर्तन करा. तिथले श्रोते मध्येच उठून तरी जाणार नाहीत."

"अगं, मंडळाला काय तोंड दाखवू?"

"अहो, मोतीबिंदूमुळे गाडी सोडली म्हणून सांगत सुटलात, आणि चष्म्याशिवाय पोथी वाचता. कुणाला खरं वाटलंय?"

शनिवारी हॉलमागच्या खोलीत ते धोतर नेसून बसले होते; प्रसादाची पाकिटं उघडायची कात्री टॅगच्या पट्ट्याला लावलेली. अरुणाला धास्तीपेक्षा वैतागच जास्त आला.

"खुशाल कापा. पण पेटीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा. खोट्यामागे सूर धरून मी दमले."

बाहेर तबल्यावर शार्दूलनं ठेका धरला. पुरुषोत्तमरावांनी कात्री खाली ठेवली.

"मोजे आहेत का गं?"

"नाहीत." होते, तिच्याच पर्समध्ये. विठ्ठल समजून घेईल.

ते अनवाणी उभे राहिले. पहिल्या रांगेच्या नजरा घोट्यावर गेल्या. त्यांनी धोतर जरा वरच खोचलं.

"मंडळी, दृष्टांत नेहमी दुसऱ्याचा देतो. आज घरचा आणलाय."

बसस्टॉप, व्हिस्की, मोतीबिंदू, सगळं सांगितलं. अरुणाचा एक सूर चुकला.

पण एका वाक्यात मावेल एवढी कबुली त्यांनी दीड तास गायली! तिनं पेटी सोडून घड्याळ दाखवलं. त्यांनी डोळे मिटून आणखी एक अभंग घेतला. शेवटी घसा बसला.

"अरुणा, पाणी."

"आधीच ठेवलंय," ती म्हणाली. "प्या, आणि आता आवरा."