ज्याने हसवलं त्याचं जेवण

बाळ पहिल्यांदा खदखदून हसलं की ज्याने हसवलं त्याने सगळ्या गोतावळ्याला जेवू घालायचं, ही आम्हा नवाहो जमातीची रीत. बाळ पुढे त्याच्याच वळणावर जातं. म्हणून पणतीच्या आसपास मी माझ्या विल्फ्रेडला फिरकू देत नव्हते. पोटचा मुलगा आहे, पण आल्यागेल्याला कॉफी विचारताना त्याचा घसा बसतो.

पणतीला सांभाळायचे मीच. तिची आई, म्हणजे माझी नात लोरिंडा, पोटुशी असताना गाडी उलटली. बाळ सुखरूप आलं, लोरिंडाच्या पायांतला जोर मात्र गेला तो गेलाच. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत. बाळाला पाजायची तेवढी, आणि लगेच माझ्याकडे द्यायची. का, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. वाईट गोष्ट तोंडाने बोलून घरात बोलवायची नसते, एवढं मला शाळेत न जाताही कळतं.

दवाखान्याने मग फ्लॅगस्टाफ शहरातून मनाची डॉक्टरीण धाडली, मार्गो नावाची. तू कोणाची, म्हणून विचारलं तर बाई आपल्या परीक्षा सांगायला लागली. म्हटलं, ते राहू दे, आईचं कूळ सांग. ती बावरली. मग घोडा विकत घेताना बघावं तसं लोरिंडाच्या डोळ्यांत रोखून बघत तिने विचारलं, बाळ हातातून पडलं तर काय होईल असं वाटतं? मी तिला दंडाला धरून अंगणात नेलं. हे वाक्य आणि हे टक लावून बघणं इथेच सोड, मगच आत ये, म्हटलं. वाटलं, गेली ही कायमची.

पुढच्या आठवड्यात ती पिठाची पिशवी आणि कॉफी घेऊन हजर. काही न विचारता बसली. मी लोकर विंचरायच्या फण्या तिच्यापुढे टाकल्या. लोकर तिने अशी विंचरली की मेंढीलाही लाज वाटावी. लोरिंडाला राहवेना, ती शिकवायला लागली. मग दर आठवड्याला दोघी मान खाली घालून हळू आवाजात बोलत बसायच्या, आणि मी जवळ गेले की गप्प. माझ्याच घरात.

एक दिवस बाळ आमच्या रीतीने पाळण्याच्या फळीला दोऱ्यांनी बांधून भिंतीशी उभं केलं होतं. मी चुलीपाशी आमच्या तळायच्या भाकऱ्या करत होते. तेवढ्यात बोकड आत शिरला आणि लोकरीचा पुंजका तोंडात धरून पळायला लागला. लोरिंडाने गर्रकन खुर्ची वळवली. बोकड पुढे, खुर्ची मागे, आणि तिच्या तोंडी माझ्याच ठेवणीतल्या शिव्या. बाळ खदखदून हसलं.

मी पिठाच्या हातांनी धावले. "कोणी हसवलं?"

आमच्यात बोट दाखवत नाहीत, लोरिंडाने ओठ पुढे काढून मार्गोकडे दाखवलं. मला बरंच वाटलं, पिठाची पिशवी आणणारी बाई हात आखडणार नाही.

"मी नाही," मार्गो म्हणाली. "मी लोकरीकडे बघत होते. टक लावून बघायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. बाळ मात्र लोरिंडाकडे बघत होतं."

"बोकडाने हसवलं," लोरिंडा पुटपुटली.

"त्याने जेवण द्यायचं तर त्याला ताटातच यावं लागेल," मी म्हटलं.

लोरिंडा हसली नाही. हातातल्या लोकरीकडे बघत म्हणाली, "माझ्या वळणावर गेली तर?"

माझी जीभ शिवशिवली. मार्गोने माझ्या पिठाळ मनगटावर हात ठेवला. म्हणजे मला गप्प बसवते! आणि मी बसले. कढईत भाकरी करपली, तरी कोणी हललं नाही.

मग लोरिंडाने नाक ओढलं आणि खुर्ची बाळापाशी नेली.

"तोंडाळ होईल," ती म्हणाली, आणि फळीच्या दोऱ्या सोडायला लागली.

"ते माझ्याकडून आलंय. त्याचं श्रेय तुला नाही."

एक गाठ तिच्या बोटांतून दोनदा निसटली. मी पुढे होणार, तर मार्गोचा हात अजून माझ्या मनगटावरच. लोरिंडाने बाळ उचललं, मांडीवर घेतलं आणि ते काही पुन्हा माझ्याकडे दिलं नाही.

जेवणाला दोन मेंढ्या कापल्या. बोकड वाचला, त्याचा मान म्हणून. लोरिंडा अंगणाच्या मधोमध, बाळ मांडीवर, बाळाच्या मुठीत मीठ. मुलगी दिलदार निघावी म्हणून पहिलं दान तिच्या हातून. सगळे रांगेने येऊन एकेक खडा घेत होते. मार्गो प्रत्येकाला, कोणी विचारलं नसतानाही, सांगत होती की तिच्या आईचे लोक थंड बेटावरचे कोळी. विल्फ्रेड मिठाचा एक खडा तोंडात आणि एक खिशात घालताना मला दिसला.

मी सगळ्यांत मोठी, म्हणून सरळ पुढे गेले.

"आजी," लोरिंडा बाळाची मूठ उघडत म्हणाली, "रांगेत."

गेले मागे. विल्फ्रेड दुसऱ्यांदा रांगेला लागला होता, त्याच्या पाठीशी उभी राहिले.