साकवापलीकडचं शेत

पाण्यावरून भांडण झालं नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. मी गावचा चुरपोन, म्हणजे कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं ते बघणारा माणूस. या कामात शिव्या दोन्हीकडून मिळतात, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायची सवय मला लागलीच नाही. प्रदक्षिणेच्या आत असेल त्या शेताला पाणी, बाहेर असेल त्याला नाही. माझ्या आधीच्या चुरपोनचाही हाच नियम होता. तो सोपा आहे म्हणून मला आवडतो.

प्रदक्षिणा म्हणजे बुमस्कोर. जव वीतभर वर आला की गोम्पातल्या, म्हणजे मठातल्या, सोळा पोथ्या बाहेर निघतात. एकेक पोथी फळ्यांत दाबून, कापडात गुंडाळून एकेकाच्या पाठीवर बांधतात आणि सगळं गाव शेतं उजव्या हाताला ठेवून गोल फिरतं. उचललेली पोथी शेवटच्या छोर्तेनपाशी, म्हणजे स्तूपापाशी, सगळे जमेपर्यंत खाली टेकवायची नाही, पुढच्याला ओलांडायचं नाही, आणि मागे तर मुळीच फिरायचं नाही. मागे फिरलं की प्रदक्षिणा उलटी होते. उलट्या प्रदक्षिणेनं गारा पडतात की कीड येते यावर म्हाताऱ्यांचं एकमत नाही, पण काहीतरी वाईट होतं यावर आहे.

कुन्झेसचं शेत प्रदक्षिणेच्या बाहेर होतं. नाल्यावर एक साकव आहे. जुनी वाट त्या साकवापाशी येऊन उजवीकडे वळते आणि नाल्याच्या काठाकाठानं खाली उतरते. साकवापलीकडे पूर्वी नुसते धोंडे होते. आमचा गोबा, म्हणजे गावचा मुख्य, स्मानला. त्याचा धाकटा भाऊ मुतुप. थोरलं घर आणि जुनी शेतं रीतीप्रमाणे थोरल्याकडे राहिली. मुतुपनं कुन्झेसशी लग्न केलं, वेगळी चूल मांडली आणि पलीकडचे धोंडे उचलायला घेतले. गाव हसत राहिलं आणि तो उचलत राहिला. बऱ्याच वर्षांनी तिथं खरोखरच शेत झालं. मग सडकेच्या कामावर असताना दरड कोसळून तो गेला. मागे कुन्झेस आणि एक लहान मुलगी राहिली.

शेत वर आहे आणि नाला खोल खालून वाहतो. कुन्झेस दोन उन्हाळे डब्यांनी पाणी वर नेत होती. जव यायचा तो कोंबडीच्या पिसांसारखा विरळ. खरं तर गावाचा पाट साकवापर्यंत येतोच. तिथून एक लाकडी पन्हळ टाकली की काम झालं. पन्हळही मुतुपनं कोरून ठेवली होती, ती भिंतीला टेकून उभी होती. यंदा पाणी मिळालं नाही तर घराला कुलूप लावायचं, पोरीला वसतिगृहात टाकायचं आणि लेहला जाऊन हॉटेलात भांडी घासायची, असं कुन्झेसनं ठरवलं होतं. ती हे रडून सांगत नसे. बाजारात बटाटे घ्यायला जायचंय तसं सांगायची.

बुमस्कोरच्या आधी गोबाच्या अंगणात बैठक बसते. तिथं तिनं विषय काढला.

"गोबा-ले, साकवापलीकडून एक वळसा घ्या, एवढंच. पोथ्यांना चार पावलं जास्त चालायला लागली तर त्या काय थकणारेत?"

"पोथ्या नाही थकत, पाणी थकतं," स्मानला म्हणाला. "वरचा बर्फ बघ जरा, किती उरलाय. आज तुला दिलं की उद्या आणखी चौघं उठून धोंडे उचलायला लागतील. कुणाकुणाला नाही म्हणू मी?"

"चौघं? या गावातले? धोंडे उचलणार?" कुन्झेस म्हणाली. "चहाचा पेला उचलताना पाठ धरतात हे."

सगळे हसले. गोबा हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "चुरपोन, तू बोल की."

"प्रदक्षिणा जाईल तिथं पाणी जाईल," मी म्हणालो.

"आचोला विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं," कुन्झेस मला उद्देशून म्हणाली. ती मला आचो, म्हणजे दादा, म्हणते. "भिंत निदान सावली तरी देते."

यावर लोक जास्तच हसले. मला वाईट वाटलं नाही. स्मानलाचंही काही चूक नव्हतं. बर्फ खरंच कमी झालाय, आणि प्रत्येक नव्या शेतामागे जुन्यांची पाळी आखडते. पण भावाच्या बायकोला नाही म्हणताना त्याचा आवाज लागतो त्यापेक्षा जास्त चढायचा, हेही मी बघत होतो.

गंमत अशी की यंदा पहिल्या पोथीची पाळी धाकट्या घराची, म्हणजे कुन्झेसची होती. पहिली पोथी जिकडे वळेल तिकडे मागची रांग वळणार, आणि मागे फिरता येत नाही म्हणजे नाहीच. दोन दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं. बायका कुन्झेसला बघून गालातल्या गालात हसायच्या. नोरफेल नावाचा आमचा एक वाचाळ माणूस तर तिला उघडच म्हणाला, "वहिनी, वळताना जरा हळू हं. माझे बूट नवे आहेत."

पण स्मानला काही दूधखुळा नाही. बुमस्कोरच्या सकाळी गोम्पाच्या अंगणात सगळे जमल्यावर तो कुन्झेससमोर उभा राहिला. पहिली पोथी त्यानं दोन्ही हातांत धरली होती.

"डोक्याला लाव," तो म्हणाला, "आणि बोल, जुन्या वाटेनंच जाईन. डावीकडे मान वळवून बघणारसुद्धा नाही."

लामांनी भुवया वर केल्या, पण अडवलं नाही. कुन्झेसचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. पोथीवर हात ठेवून खोटं बोलणारी ती नव्हती, आणि हे गोबाला माहीत होतं. तिनं कपाळ टेकवलं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे म्हटले. मग वळून पाठ पुढे केली.

"बांधा," ती म्हणाली.

तेवढ्यात आबी चोरोल पुढे आली. ही सगळ्या गावाची आबी, म्हणजे आजी; स्मानलाची आई, आणि अर्थात मुतुपचीही. ती थोरल्या घरात राहते. या सगळ्या भांडणात तिनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. कुणी विषय काढला की हातातलं प्रार्थनेचं मणीचक्र जोरात फिरवायची. ती म्हणाली, "दुसरी पोथी मला."

"आमा-ले, गुडघ्यांचं काय?" स्मानला म्हणाला. "किती वर्षांत उचलली नाहीस तू."

"गुडघे तुझे आहेत का माझे?"

"पडशील कुठंतरी."

"मग तू माझ्या मागे राहा. पडले तर धर."

अशी रांग लागली. पुढे कुन्झेस, मग आबी, तिला सांभाळायला तिसरी पोथी घेऊन स्मानला, चौथी माझ्याकडे. बाकीचे मागे, आणि शेवटी ढोल आणि शंख घेऊन लामा. उजव्या हाताला हिरवा जव. वाटेत म्हातारी माणसं वाकून उभी होती. पोथीचा स्पर्श डोक्याला व्हावा म्हणून आम्हीही जरा वाकत होतो. माझी पोथी जड होती. सगळ्यांनाच आपापली पोथी सगळ्यात जड वाटते.

कुन्झेस मात्र वाकतही होती आणि पळतही होती. रागानं तिची पावलं लांब पडत होती. तिच्यात आणि आबीत आधी दहा पावलांचं अंतर होतं, मग वीस, मग ती वळणाआड दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा दिसायची. साकवापाशी पोचली तेव्हा ती बरीच पुढे होती. तिथं ती थांबली नाही. तिनं मान खाली घातली, उजवीकडे वळली आणि काठाकाठानं उतरून गेली. स्मानलानं सुस्कारा सोडला. मला तो स्पष्ट ऐकू आला.

मग आबी साकवापाशी पोचली आणि डावीकडे वळली.

"आमा-ले! इकडे नाही, खाली!" स्मानला ओरडला.

आबीचं एक पाऊल साकवावर पडलं होतं. "काय म्हणतोस? ढोल वाजतोय, ऐकू येत नाही."

"खाली! कुन्झेस खाली गेली!"

"गेली का? मला दिसली नाही. डोळे गेले रे माझे."

समोरच्या डोंगरावर बकरी लंगडत असेल तर ती कुणाची हे आबी अंगणातून सांगते. पण तिनं दुसरं पाऊलही टाकलं. साकव म्हणजे दोन ओंडके आणि वर चपटे दगड. मधोमध एक दगड डगमगतो. त्यावर आबीचा पाय पडला आणि ती पाठीवरच्या ओझ्यासकट एका बाजूला कलली. खाली पाणी फेसाळत होतं.

स्मानला धावला. विचार करायला त्याला वेळच नव्हता. त्यानं मागून तिचे दोन्ही दंड धरले, ती सावरली, आणि आता दोघंही साकवाच्या मधोमध होते.

"आमा-ले, हे काय केलंस तू," तो हळू म्हणाला.

"वाट चुकले," आबी म्हणाली. "पण पाठीवर पोथी आहे. मागे कशी फिरू, तूच सांग. तू गोबा आहेस."

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते भीतीचं की रागाचं मला ठरवता आलं नाही. मी खांदे उडवले. माझ्यापुढे तिसरी पोथी होती, ती साकवावर होती, आणि मला तिच्यामागे जायचं होतं. मी गेलो. माझ्यामागे सगळं गाव आलं. नोरफेल बुटांच्या नावानं ओरडत होता.

मुतुपनं घातलेले बांध पक्के होते. जव पिवळट, निम्मा जळलेला. आबीनं एका ठिकाणी बांधावर हात ठेवला आणि उभी राहिली. दम लागलाय, म्हणाली. कुणी घाई केली नाही. स्मानला तिच्यामागे उभा राहून भावानं रचलेले दगड बघत होता. वरच्या कोपऱ्यात वेचलेल्या धोंड्यांचा ढीग होता आणि तिथं वाटच नव्हती. आम्ही सगळे त्या ढिगावरून चढून उतरलो, त्यात गोबाची नडगी सोलवटली. परत यायला खालच्या अंगाला पूल नाही. नाल्यातूनच यावं लागलं. पाणी गुडघ्याच्या वर आणि बर्फाचं. स्मानलानं आईचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

कुन्झेसला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढचं मला माझ्या बायकोनं सांगितलं. शेवटच्या छोर्तेनपाशी बायका लोण्याचा चहा घुसळत होत्या, ती त्यांच्यात होती. कुन्झेस एकटी आली. "बाकीचे कुठं?" बायकांनी विचारलं. तेव्हा तिनं पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. वाट रिकामी होती. ढोलही ऐकू येत नव्हता.

तिला वाटलं, गावानं तिला वाळीत टाकलं. शपथ पाळली तरी तिच्या मागून चालायचं नाही असं आधीच ठरवून तिला एकटीला पुढे पाठवलं. कुणी चहा दिला तो तिनं घेतला नाही, कुणी बस म्हटलं तर बसली नाही. पोथी पाठीवर तशीच ठेवून ती छोर्तेनच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "उद्या सकाळच्या गाडीनं जाते मी," एवढंच म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा ती तशीच उभी होती. ढोल ऐकून वळली. आधी तिनं आबीकडे पाहिलं, मग तिची नजर खाली गेली. आबीचा गोंचा, तो लांब लोकरी झगा, मांडीपर्यंत ओला होता. स्मानलाची विजार चिकटून बसली होती. मागचे सगळे पाय आपटत, कुडकुडत येत होते. जुन्या वाटेवर पाणी कुठंच लागत नाही.

"आमा-ले?" कुन्झेस म्हणाली.

"वाट चुकले गं," आबी म्हणाली. "चहा आहे का कुणाकडे?"

कुन्झेस माझ्याकडे वळली. "आचो, सगळं शेत? सगळ्या बाजूंनी? का मधूनच परत आलात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी स्मानला बोलला. तो दगडावर बसून नडगीवरचं रक्त पुसत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

"वरच्या कोपऱ्यात ढीग घालून ठेवलाय," तो खेकसला. "माणसांनी जायचं कुठून? पुढच्या वर्षी वाट मोकळी ठेव तिथली."

तो काय बोलून गेला हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यानं विजार पिळायला घेतली. कुन्झेस मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, अगदी पोरीसारखी. पाठीवरची पोथी दोघींनी मिळून सोडवावी लागली.