रेघेअलीकडचा पाय

मागच्या वर्षी रमाई जयंतीला गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या घागरीच्या, शर्यतीत दुसरं कोण आलं यावरून दोन बायांचं जे वाजलं, ते पार पोळ्यापर्यंत वाजत राहिलं. पहिल्या नंबरावर वाद नव्हता; तो दरवर्षी कौसल्याबाईंचाच. पण पुन्हा तमाशा नको म्हणून विहार समितीच्या धर्मपालकाकांनी यंदा आधीच सांगून टाकलं, "निकाल फोटोवर. फोटोत जिचा पाय रेघेच्या पुढं, ती पुढं."

फोटो काढायचं काम राजदीपकडे आलं. राजदीप हा कौसल्याबाईंचा मुलगा. दारव्ह्याला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गावात सगळ्यात नवा मोबाईल त्याच्याकडे होता. फोटोचं त्याला काहीच कळत नव्हतं, पण हे कोणी विचारलं नाही.

शर्यत सोपी. पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घ्यायचा, हात लावायचा नाही, आणि शाळेच्या फाटकापासून विहारासमोरच्या चुन्याच्या रेघेपर्यंत धावायचं. हरभरा काढणीला आला होता, बायांना नंतर शेतात जायचं होतं, म्हणून शर्यत सकाळी ऊन वर यायच्या आत. रेघ पिंपळाखाली होती. तिथं सावली दाट आणि हवेत अजून गारवा होता.

यंदा राजदीपची बायको प्रियंकाही उतरली होती. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. कळंबजवळच्या गावाची पोरगी. कॉलेजात असताना यवतमाळच्या मैदानावर आठशे मीटर धावायची, असं लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. राजदीपनं तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. घरात ती इतक्या हळू वावरायची की कधीकधी खोलीत आहे की नाही हेही कळत नसे.

पहिली फेरी सुटली. बाया आल्या, पाणी सांडलं, आरडाओरडा झाला, राजदीपनं बटण दाबलं. धर्मपालकाकांनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"हे काय हाय राजदीप?"

"बाया हायत काका."

"मले तं नुसतं धुरावानी धुपट दिसून राह्यलं." त्यांनी मोबाईल उलटा धरून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "पिंपळ साफ दिसते, रेघ साफ दिसते, अन् बायाच काहून नाई दिसत?"

राजदीपनं बाजूला जाऊन दारव्ह्याच्या मंदारला फोन लावला. मंदार लग्नांचे फोटो काढायचा. त्याचं दुकान राजदीपच्या दुकानाला लागूनच होतं.

"मंदार, माह्या मोबाईलचे फोटो हालून राह्यले."

"मोबाईल नाई, बाया हालतात. सावलीत उभा हाय काय तू?"

"पिंपळाखाली."

"तेच. उजेड कमी असला का मोबाईल शटर जास्त वेळ उघडं ठेवते. तेवढ्यात बाई चार बोटं पुढं निघून जाते, मंग तिचं धुपट होते. पिंपळ कुठं जात नाई, म्हणून तो साफ येते. प्रो मोड लाव. एस लिहिलेलं दिसते? ते शटर. काय आकडा हाय?"

"एक भागिले साठ."

"एक भागिले हजार कर."

"म्हणजे वाढवू?"

"आकडा वाढव, वेळ कमी होईन."

राजदीप गोंधळला. "वाढवल्यावर कमी कसा होईन?"

"अबे, एका भाकरीचे साठ तुकडे कर अन् दुसरीचे हजार कर. कोणता तुकडा लहान?"

"हजाराचा."

"मंग तोच लाव." मंदारनं फोन ठेवला, त्याच्याकडे हळदीचा कार्यक्रम चालू होता.

राजदीपनं हजार लावलं. दुसरी फेरी आली आणि गेली. फोटो काळाकुट्ट निघाला. नीट पाहिलं तर कोपऱ्यात एका पातळाचा पिवळा काठ दिसत होता, बाकी अमावस्या.

"काका, थोडं थांबा," म्हणून त्यानं पुन्हा फोन लावला.

"आयएसओ नाई वाढवला काय?" मंदार ओरडला. मागे बँड वाजत होता.

"तू बोललाच नाई!"

"शटर कमी वेळ उघडलं तं उजेडबी कमीच येईन ना. आयएसओ सोळाशे कर. फोटोत रव्यासारखे दाणे दिसतीन, दिसू दे. फोकस रेघेवर लावून पक्का करून ठेव. अन् आयक, तुह्या मोबाईलमंदी प्रो लावल्यावर धडाधड फोटो निघत नाईत. एकच निघन. बोट दाबल्यावर जराशानं निघते, म्हणून जरासं आधी दाब."

"जरासं म्हणजे किती?"

पण बँडचा आवाज एकदम वाढला आणि फोन कटला.

तालीम हवी होती. राजदीपनं वडिलांना, श्रावणला, रेघेवरून धावून दाखवायला सांगितलं. श्रावण म्हणाला, "माहं वय काय, तू सांगून काय राह्यला?" पण धावला. बायांनी टाळ्या पिटल्या. फोटो आला तो असा, की श्रावणच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचे सुटे धागे मोजता आले असते. राजदीपला स्वतःच्या मोबाईलवर विश्वास बसेना. तीच जागा, तोच उजेड, आणि मघाशी धुपट!

मग शेवटची फेरी. आधीच्या दोन फेऱ्यांतून काकांनी नजरेनंच निवडलेल्या चौघी होत्या. कौसल्याबाई मान न हलवता, कमरेतून तोल सांभाळत सरळ येत होत्या. त्यांच्या पलीकडून प्रियंका आली, आणि राजदीपला मोबाईलच्या वरून दिसलं की ती पुढे आहे. वीतभर नाही, चांगली दोन पावलं. मग त्यानं नजर स्क्रीनवर नेली, जरासं आधी म्हणून बटण दाबलं, आणि सगळा गलका झाला.

फोटो सुरेख आला होता. सांडलेल्या पाण्याचे थेंब हवेत लटकलेले. कौसल्याबाईंच्या पायाची बोटं चुन्यात, रेघेच्या पुढे. प्रियंकाचा पाय रेघेच्या अलीकडे.

"कौसल्याबाई पयल्या!" धर्मपालकाकांनी जाहीर केलं. "सून दुसरी. संध्याकाळच्या कार्यक्रमात बक्षीस मिळन." पहिलं बक्षीस कुकरचं होतं.

राजदीप फोटो मोठा करून पाहत बसला. डोळ्यांनी त्यानं प्रियंकाला पुढे पाहिलं होतं. फोटोत ती मागे होती. कोणाचं खरं धरायचं? आणखी एक गोष्ट त्याला सतावू लागली. बाकी तिघी चवड्यावर होत्या, अंग पुढे झुकलेलं. प्रियंकाची टाच मात्र पूर्ण जमिनीवर टेकलेली, आणि तिचं तोंड समोर नव्हतं. ती सासूकडे पाहत होती.

थांबली होती की काय? पण या फोटोत सगळंच थांबलेलं होतं. पाणीसुद्धा. त्यानं मंदारला फोटो पाठवला आणि विचारलं, ही धावते आहे का उभी आहे?

मंदारचा फोन आला. "फोटो झकास काढला बे! पण ते मी कसं सांगू? हजारावा भाग हाय तो. त्यात उडता कावळाबी टांगल्यासारखा दिसते. मघाचा धुपट फोटो असता तं कोण किती हाललं हे तरी कळलं असतं. तू वहिनीलेच विचार ना."

घरी आल्यावर प्रियंका मागच्या अंगणात ओलं पातळ पिळत होती. राजदीपनं विचारलं, "तू थांबली होती काय?"

तिनं पातळाचा पीळ आणखी आवळला. "मले नाई मालूम."

"नाई मालूम म्हणजे?"

"रेघ दिसली अन् पाय अटकला. काल फोनवर आई बोलली होती, पयल्याच वर्षी सासूच्या पुढं जाऊ नको. मी म्हणली, काहीतरीच काय. मी जिंकाच्याच हिशोबानं धावली होती." तिनं पातळ झटकलं. "मंग काहून अटकला, मलेच समजून नाई राह्यलं."

बायकोला शाबासकी द्यावी, तर आईचा अपमान झाल्यासारखं होत होतं. रागवावं, तर कशाबद्दल?

तेवढ्यात आतून कौसल्याबाईंची हाक आली. "राजदीप, दाखव रे माहा फोटो. साऱ्या गावानं पाह्यला, मीच नाई पाह्यला."

त्यानं दाखवला. आधी त्या खूष झाल्या. "अव माय, पाणी तं पाह्य! मोत्यावानी दिसते." मग स्वतःचा पाय पाहिला, मग शेजारचा. बराच वेळ शेजारचाच पाहत राहिल्या.

"प्रियंका!" त्यांनी हाक मारली. "इकडं ये. ही टाच टेकवली ते काहून?"

प्रियंका दारात उभी राहिली. मान खाली. कौसल्याबाईंना आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

"म्हणजे मी जिंकली का नाई जिंकली?" त्यांनी विचारलं. आधी सुनेला, मग मुलाला, मग नवऱ्याला.

श्रावण खाटेवरून म्हणाला, "तू जिंकली काय अन् ते जिंकली काय, कुकर तं याच घरात येते."

"कुकराचं कोण बोलून राह्यलं?" कौसल्याबाई उसळल्या. "मले वाटे मी अजून धावतो. आता मले समजूनच नाई राह्यलं का मी धावतो का नाई धावत!" त्या उठल्या, मोरीतले दोन्ही गुंड उचलले आणि एक प्रियंकाच्या हातात दिला. "चाल."

"कुठं?"

"पांदणीनं. आता कोणी नाई तिथं. अन् राजदीप, तूबी चाल. फोटो काढ."

पांदण म्हणजे शेतात जायची मातीची वाट. दुपार चढली होती, दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. विहिरीवर गुंड भरून घेतले. राजदीपनं पायानं मातीत रेघ ओढली आणि बाभळीपाशी मोबाईल धरून पाहिला. स्क्रीन पांढरीफटक. सकाळचे आकडे जसेच्या तसे होते आणि आता काहीच दिसत नव्हतं. सकाळी अंधार, आता हे! मग त्याच्या डोक्यात आलं की इथं सावली नाही. त्यानं आयएसओ शंभरावर आणला आणि शटरचा आकडा आणखी वाढवत नेला. पांढऱ्यातून हळूच वाट दिसू लागली.

निघताना प्रियंका त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, खरंच धावू?"

"मले काय विचारते?"

"तुमची आई हाय."

"तूबी माही बायको हाय," तो म्हणाला, आणि त्याला कळलं की यातून तिला काहीच उत्तर मिळालेलं नाही. "आईनंच बोलावलं ना? मंग धाव."

ती धावली. राजदीपनं कोणाला तसं धावताना पाहिलं नव्हतं; बटण दाबायचंच तो विसरला. डोक्यावरचा गुंड जणू दोरीनं वरून बांधला होता, आणि खाली नुसते पाय चालू होते. ती रेघ ओलांडून बाभळीच्याही पुढे गेली तेव्हा कौसल्याबाई अजून मागेच होत्या. त्यांनी पाऊल लांब टाकायला पाहिलं, गुंड कलला, पाणी मानेवरून पाठीत गेलं आणि त्या वाटेतच थांबल्या. गुंड उतरवून बांधावर बसल्या.

प्रियंका परत आली. दोघं त्यांच्यासमोर उभी राहिली. कौसल्याबाई रागावल्या आहेत की दमल्या आहेत, काही कळत नव्हतं. त्यांनी गुंडात उरलेलं पाणी ओंजळीनं प्यायलं, तोंड पुसलं आणि सुनेकडे निरखून पाहिलं.

"रोज माह्यासंगं पाण्याले येते तू. माह्या मागं मागं चालते. तेव्हाबी थांबतच होती काय?"

प्रियंकानं मान हलवली. "हो, आई."

"अव पोरी! मी तुह्यासाठी हळू चालत होती! म्हणलं नवी हाय, दमन."

प्रियंका हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. कौसल्याबाईही हसू लागल्या, पण त्यांचं हसू मध्येच अडखळत होतं. हरल्याचं त्यांना खरोखर लागलं होतं. "इतके महिने," त्या म्हणत राहिल्या, "दोघी बी खोट्याच चालत होतो."

संध्याकाळी विहारासमोर मांडव भरला होता. कार्यक्रमाआधी कौसल्याबाई धर्मपालकाकांना गाठून म्हणाल्या, "निकाल बदला."

"कसा बदलू? फोटोत तुम्ही पुढं हाय. फोटो खोटा हाय काय?"

"फोटो खरा हाय."

"मंग निकाल खोटा कसा?"

धर्मपालकाकांनी हात जोडले. "वहिनी, मागच्या वर्षीचं आठवा. आता फोटो सोडून मी कायवर भरवसा ठेवू?"

नाव पुकारलं तेव्हा कौसल्याबाई उठल्या, कुकर घेतला, बगलेत धरला आणि जागेवर परतायच्याऐवजी माईकपुढे उभ्या राहिल्या.

"जय भीम. पयला नंबर माहा हाय, कारण फोटोत तसं हाय. पण माही सून प्रियंका माह्याहून जोरात धावते. हे मी आज दुपारी माह्या डोयानं पाह्यलं. सकाळी ते थांबली. काहून थांबली, ते तिलेबी मालूम नाई, मलेबी नाई. पण पुढच्या वर्षी ते थांबणार नाई, अन् मी हळू चालणार नाई. एवढंच."

मांडवात कुजबुज सुरू झाली. "दुपारी? दुपारी कुठं शर्यत झाली?" कोणीतरी विचारलं. "फोटोत काय होतं मंग?" दुसरीनं विचारलं. कोणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग आपण कोणासाठी वाजवतो आहोत ते न कळून थांबलं, मग पुन्हा वाजवली. धर्मपालकाका माईक हातात घेऊन नुसतेच उभे होते.

मागच्या रांगेत प्रियंका राजदीपच्या शेजारी बसली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"आता मी काय करू?" तिनं कुजबुजत विचारलं. "उभी राहू काय?"

"मलेबी नाई मालूम," राजदीप म्हणाला.

तिनं पदर सारखा केला आणि ती उभी राहिली.